काचेखालची बाग

बेटावर त्याला सगळे रेडिओ म्हणायचे आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. सकाळी धक्क्यावर पाय पडला की सुरू, ते संध्याकाळी होडी बांधेपर्यंत. बायको म्हणायची, घरी आल्यावर बंद होतो असं समजू नका, फक्त स्टेशन बदलतं.

धंदा काचेच्या बुडाच्या होडीचा. होडीच्या मधोमध तळाला लांबट जाड काच, तिच्या दोन्ही अंगांना बाकं, वर कापडी छत. सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांनी बाकावर बसायचं, गुडघ्यांवर कोपरं टेकायची आणि काचेतून समुद्राच्या तळाची प्रवाळांची बाग बघायची. रेडिओ मागे उभा, हातात सुकाणू, नजर किनाऱ्यावर आणि तोंड चालू. खाली गाडीच्या चाकाएवढा वाटोळा दगड आहे, पण तो दगड नव्हे, जिवंत आहे. त्याच्या शेजारी जांभळा पंखा आहे, असा की उन्हाळ्यात घरी न्यावासा वाटेल. पलीकडे हरणाच्या शिंगांचं रान आहे आणि त्यात निळे मासे राहतात, भाडं न देता. या भाड्यावर दरवेळी लोक हसायचे आणि दरवेळी रेडिओला नव्याने बरं वाटायचं.

धक्क्यावर इतर होडीवालेही होते. कुणी सांगायचा, खाली बुडालेलं जहाज आहे. कुणी सांगायचा, पौर्णिमेला इथे जलपरी गाते. रेडिओला याची भयंकर चीड. तरुणपणी तो त्या बागेत छाती फुटेपर्यंत बुड्या मारून आला होता, पंख्याला हात लावून आला होता, वाटोळ्या दगडाला मिठी मारली तर दोन्ही हात एकमेकांना भेटत नाहीत हेही त्याला ठाऊक होतं. "आपण पाहिलं तेवढंच सांगायचं," तो म्हणायचा. "रेडिओवर खोटी बातमी लागत नाही." ही त्याची फुशारकी होती, पण खोटी नव्हती.

सुकाणू हातात देताना वडिलांनी त्याच्या कानात एकच गोष्ट भरली होती. चालवणाऱ्याने खाली बघायचं नाही. बागेकडे जाणारी वाट दोन खडकांमधून जाते; नजर ढळली की बुडाची काच गेलीच. मग बाग आली हे कळायचं कसं? किनाऱ्यावरच्या खुणांवरून. पुढे पांढरं दीपगृह, त्याच्या मागे लांबवर बर्फाच्या कारखान्याची चिमणी. खडक ओलांडले आणि दीपगृहाच्या पाठीमागे चिमणी बरोबर लपली की खाली बाग. इंजिन मंद करायचं आणि पुढे ओरडायचं, "दिसतंय का?"

काचेच्या टोकाशी त्याची बायको बसलेली असायची, पुढेपुढे तर मांडीवर पावाच्या चुऱ्याची पिशवी घेऊन. ती तिथून उत्तर द्यायची, "दिसतंय." मग रेडिओचं पुढचं सगळं सुरू. हे सवालजवाब इतके अंगवळणी पडले होते की धक्क्यावर कुणी चहाची वाट बघत असला तरी विचारायचा, दिसतंय का? आणि चहावाला टपरीतून म्हणायचा, दिसतंय.

मध्ये एक वादळ येऊन गेलं होतं. त्याची आठवण निघाली की बेटावरची माणसं अजून विषय बदलतात. वडिलांच्या हातची होडी रेडिओच्या डोळ्यांदेखत खडकावर आपटली आणि तिची सरपणाच्या लायकीची लाकडं झाली. बर्फाच्या कारखान्याची चिमणीही त्याच दिवशी गेली. त्यानंतर रेडिओ घरात भिंतीकडे तोंड करून बसला तो हंगाम उलटेपर्यंत. जेवा म्हटलं की जेवायचा, झोपा म्हटलं की झोपायचा, पण तोंडातून शब्द नाही. ज्या घरात त्याला गप्प करता करता बायकोच्या नाकी नऊ यायचे, त्या घरात आता घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. बायको नंतर कुणाला त्याबद्दल काही सांगायची नाही. एकदाच म्हणाली होती, भांडायला तरी बोला असं मी त्यांना विनवलं होतं.

शेवटी तिच्या भावाने, म्हणजे रेडिओच्या मेहुण्याने, खटपट करून दुसरी होडी उभी केली. पहिल्या फेरीला रेडिओ बळेबळेच सुकाणूवर उभा राहिला. चिमणी नव्हती, पण कारखान्याच्या जागेवर आता एका हॉटेलाची निळी पाण्याची टाकी उंच उभी होती. त्याने तीच धरली. दीपगृहामागे टाकी लपली तसं त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "दिसतंय का?" काचेपासून उत्तर यायला जरा वेळ लागला. मग आलं, "दिसतंय." आणि रेडिओ लागला. तो लागला तो लागलाच.

आता ही झाली पूर्वपीठिका. खरी गोष्ट विहीणबाईंच्या सुट्टीची आहे.

रेडिओची मुलगी मुख्य भूमीवर दिलेली. तिची सासू आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होती, नुकतीच निवृत्त झाली होती. मुलगी म्हणाली, "आई, चला माझ्या माहेरी. समुद्र आहे, वारा आहे, काही करू नका, नुसत्या पडून राहा." जावयाला रजा मिळाली नाही, म्हणून दोघीच आल्या. बिचाऱ्या विहीणबाईंनी खरोखरच तेवढ्याच अपेक्षेने बॅग भरली होती. पण व्याही रेडिओ असल्यावर नुसतं पडून राहायला कोण देतो?

पहिल्या दिवशी दीपगृह. विहीणबाईंचे गुडघे दुखत होते, पण रेडिओ पायऱ्यांवर प्रत्येक वळणाला थांबून इतकं बोलला की त्यांना विश्रांती आपोआप मिळाली. दुसऱ्या दिवशी वाळूचा किनारा. तिथे दोन झाडांना बांधलेल्या जाळीच्या झोळीत त्यांना झोपवलं आणि झोळीत कसं झोपायचं हे हा बाजूला उभा राहून सांगत राहिला. मग उथळ पाण्यात तोंडाला नळी लावून मासे बघणं, मग शिंपल्यांचं दुकान, मग सूर्यास्ताचा खडक. सूर्य बुडाला तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "किती शांत वाटतं." रेडिओ म्हणाला, "शांत म्हणजे काय, इथे तर..." आणि अंधार पडेपर्यंत तो शांततेबद्दल बोलत होता.

गंमत म्हणजे यातलं काहीच त्याने स्वतः कधी केलेलं नव्हतं. झोळीत तो जन्मात झोपला नव्हता. सूर्यास्ताच्या वेळी तो नेहमी होडी बांधत असे, सूर्याकडे पाठ करून. बेटावरच्या माणसांचं हे असंच असतं. पाहुण्यांना दाखवता दाखवता आपलं बघायचं राहून जातं आणि राहून गेलंय हेही ध्यानात येत नाही.

"हे सगळं ठीक आहे," तो रोज रात्रीच्या जेवणाला विहीणबाईंना सांगायचा, "पण शेवटी काचेची होडी. ती बघितल्यावर बाकीचं विसराल." विहीणबाई नम्रपणे मान हलवायच्या. त्यांचा स्वभावच तसा, समोरच्याचं मन मोडणं त्यांना जमायचं नाही.

मग मुलीला ती कल्पना सुचली. "बाबा, उद्या मामा सुकाणू धरेल. तुम्ही काचेपाशी बसा, आईंच्या शेजारी. जवळून समजावून सांगा. एक दिवस तुम्हीपण पाहुणे व्हा."

रेडिओ आधी नको नको म्हणाला, पण चेहरा खुलला होता. बायकोच्या हातातलं ताट मात्र जागच्या जागी थांबलं.

"कशाला उगीच," ती म्हणाली. "बाकावर बसून त्यांची पाठ धरेल."

"पाठ कशी धरेल? उभा राहून नाही धरत ती."

"आणि गर्दी असते काचेपाशी. पाहुण्यांची जागा अडते."

"अगं, मीच मालक आणि मलाच जागा नाही?" रेडिओ हसला. "विहीणबाई, बघा, ही जळते माझ्यावर. काचेची राणी ना ती."

भांडी घासताना बायको मुलीला हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी करा हवं तर." पण मुलगी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. वडिलांना काहीतरी दिल्याचा आनंद तिला झाला होता आणि असा आनंद झालेल्या मुलीला अडवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

सकाळी होडी भरली. विहीणबाई, मुलगी, हॉटेलातले काही पाहुणे, डोक्यावर टोप्या, अंगावर लाइफ जॅकेटं. मेहुणा मागे सुकाणूवर. त्याला रेडिओनेच शिकवलं होतं, खुणांसकट, विनोदांसकट. रेडिओ काचेपाशी ऐटीत बसला, गुडघ्यांवर कोपरं टेकून, जसं पाहुणे बसतात तसं. समोर काचेच्या टोकाशी बायको, मांडीवर पिशवी. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

खडक ओलांडेपर्यंत रेडिओ विहीणबाईंना खडकांचा इतिहास सांगत होता. सवयीने त्याची नजर किनाऱ्यावर होती. दीपगृहामागे निळी टाकी सरकत सरकत लपली. मेहुण्याने इंजिन मंद केलं.

"आता बघा," रेडिओ म्हणाला. "हा इथे, अगदी खाली, गाडीच्या चाकाएवढा वाटोळा..."

आणि त्याने खाली बघितलं.

खाली वाळू होती.

वाळू, तिच्यावर लाटांच्या सुरकुत्या, एका कोपऱ्यात अर्धं गाडलेलं टायर. त्याला वाटलं, अजून यायचंय. त्याने मान वर करून खुणा पाहिल्या. टाकी दीपगृहामागे बरोबर होती, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. त्याने पुन्हा खाली पाहिलं. वाळूच होती. वाक्य जिथे तुटलं होतं तिथेच तुटून राहिलं, तोंड उघडं राहिलं, आणि कानांत नुसतं इंजिन वाजू लागलं.

मेहुण्याला वाटलं, दाजींचा घसा बसला. मदतीला म्हणून तो मागून सुरू झाला, शब्दाला शब्द रेडिओचा. "गाडीच्या चाकाएवढा वाटोळा दगड, पण तो दगड नव्हे हं, जिवंत आहे. दिसतंय का?"

उत्तर बायकोने द्यायचं होतं. रेडिओने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि त्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं. तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. वाळू बघून तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"दिसतंय का?" मेहुण्याने पुन्हा हाक दिली.

होडीवर अवघडलेली शांतता झाली आणि विहीणबाईंना ती सहन झाली नाही. व्याह्यांच्या होडीवर, व्याह्यांच्या देखत, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही म्हणजे काय. "दिसतंय, दिसतंय," त्या घाईघाईने म्हणाल्या. त्यासरशी टोपीवाले पाहुणेही काचेवर वाकले. "हो, तो काय," एक म्हणाला. "जिवंत आहे हे कळतं नाही का लगेच," दुसरी म्हणाली. मेहुण्याने जांभळा पंखा सांगितला, लोकांनी जांभळा पंखा पाहिला. निळे मासे भाडं देत नाहीत म्हटल्यावर सगळे हसले. सुट्टीवर आलेल्या माणसाइतकं आज्ञाधारक माणूस दुनियेत नाही. बघा म्हटलं की बघतं, हसा म्हटलं की हसतं, आणि शेजारच्याला दिसलेलं आपल्याला दिसलं नाही हे कबूल करायला त्याची जीभ रेटत नाही.

बायकोने यंत्रासारखा पिशवीत हात घातला आणि पावाचा चुरा काठावरून पाण्यात सोडला. कुठून कुठून चार राखाडी मासे आले आणि काचेखाली घुटमळले. "अय्या," कुणीतरी म्हणालं. रेडिओ तो चुरा बुडताना बघत राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ही माशांना खायला घालते, कारण तिला मुक्या जिवांची माया आहे.

धक्क्यावर उतरल्यावर त्याने मेहुण्याला बाजूला घेतलं. कसाबसा म्हणाला, "खाली वाळू आहे."

"कुठे?"

"खाली. बागेच्या जागी."

मेहुणा गोंधळला. "मला काय माहीत, दाजी? तुम्हीच शिकवलंत ना, खाली बघायचं नाही म्हणून."

रेडिओ घरी आला आणि बसला. कुठे, तर भिंतीपाशी, तोंड भिंतीकडे. मुलगी चहा घेऊन आली, त्याने घेतला नाही. स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने ती पाठ बघितली. ही पाठ तिच्या ओळखीची होती. हीच पाठ तिने हंगामभर बघितली होती. तिने मनात म्हटलं, आता पुन्हा नको. बाकी काही होऊ दे, पण ते पुन्हा नको.

दुपार अशीच गेली. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. शेवटी विहीणबाई उठल्या, खुर्ची ओढून रेडिओच्या बाजूला बसल्या. इस्पितळातली सवय, माणूस भिंतीकडे वळला की त्याच्यापाशी जाऊन बसायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

मग रेडिओनेच विचारलं, "विहीणबाई, खरं सांगा. तुम्हाला काय दिसलं?"

विहीणबाई पदराशी चाळा करू लागल्या. मग म्हणाल्या, "वाळू. आणि एक टायर होतं बहुतेक."

"मग दिसतंय असं का म्हणालात?"

"माणूस इतक्या आशेने विचारतो, व्याहीबुवा. आमच्याकडे पेशंट विचारायचे, सिस्टर, आज मी बरा दिसतोय ना? कोण म्हणेल नाही?" त्यांनी चष्मा पुसला. "पण मला वाटलं होतं मला एकटीलाच दिसलं नाही. चष्मा बदलायचा झालाय."

त्या उठून मुलीला घेऊन बाहेर अंगणात गेल्या, मुद्दामच. बायको आत आली आणि जमिनीवर बसली, त्याच्या पाठीमागे.

"किती दिवसांपासून?" भिंतीकडेच बघत त्याने विचारलं.

"पहिल्यापासून. नव्या होडीच्या पहिल्या फेरीपासून."

तो वळला. "पहिल्या फेरीपासून? अगं, एवढी वर्षं? आणि तू रोज दिसतंय म्हणत होतीस?"

"हो."

"मला सगळ्या जगासमोर खोटं बोलायला लावलंस. माझ्या तोंडून. मी त्या बाकीच्यांना नावं ठेवत होतो, जलपऱ्यावाल्यांना. आणि सगळ्यांत मोठा लबाड कोण? मीच."

"तुम्ही नाही बोललात खोटं," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलेलंच सांगत होता. खोटं मी बोलत होते. माझा एकच शब्द होता तेवढा."

"पण का?"

"तुम्हाला ती पहिली फेरी आठवते? मला आठवते. तुम्ही सुकाणू असं धरलं होतंत की आता पडाल. मी काचेपाशी बसले होते, खाली नुसती वाळू. आणि तुम्ही मागून विचारलंत, दिसतंय का. इतक्या महिन्यांनी तुमच्या तोंडून पहिला शब्द मी ऐकला तो हा. मी काय म्हणायला हवं होतं? नाही म्हटलं असतं आणि तुम्ही पुन्हा गप्प झाला असतात तर?" ती थांबली नाही. "म्हटलं, आज बोलू दे, उद्या सांगेन. मग म्हटलं, जरा सावरू देत, पुढच्या फेरीला सांगेन. एकदा म्हणालेही की पाणी गढूळ वाटतंय, तर तुम्ही म्हणालात चष्मा लाव. मग पाव आणायला लागले. निदान मासे तरी खरे असू देत."

रेडिओ तिच्याकडे बघत राहिला. राग होता, तो खोटा नव्हता. छातीत निखारा ठेवल्यासारखा जळत होता. पण त्याच्या शेजारीच दुसरं एक काहीतरी सलत होतं. बारा महिने तेरा त्रिकाळ ही बाई वाळूवर वाकून बसली होती, आणि तो तिला काचेची राणी म्हणून चिडवत होता. एकदाही त्याने मागून पुढे येऊन विचारलं नव्हतं की बाई, जरा सरक, मला बघू दे. वडिलांनी मनाई केली होती ती चालवताना. होडी धक्क्याला बांधलेली असताना कुणी अडवलं होतं? नांगर टाकून एकदा डोकावायला कुणी अडवलं होतं? न बघण्याची सवय त्याने स्वतःच्या सोयीने वाढवली होती, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं.

तो उठला आणि पायांत चपला सरकवू लागला.

"कुठे निघालात?" ती घाबरून उभी राहिली.

"चिमणी बघायला."

"अहो, चिमणी पडली ना."

"बूड तर असेल."

बूड होतं. हॉटेलाच्या मागच्या अंगणात, जिथे खोल्यांच्या चादरी वाळत घालतात तिथे, विटांचा वाटोळा चौथरा अजून शाबूत होता आणि धोबीण त्यावर कपड्यांच्या टोपल्या ठेवत होती. रेडिओ चौथऱ्यावर उभा राहिला आणि त्याने मान वळवली. निळी टाकी चांगली लांब होती, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. तो तिथेच मटकन खाली बसला. किनाऱ्यावर एवढा फरक म्हणजे तिकडे समुद्रात केवढा, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 'जवळपास तिथेच' असं स्वतःशी म्हणून त्याने टाकी धरली होती. सबंध आयुष्य खुणांवर काढलेल्या माणसाने जवळपासवर काम भागवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी लागली नाही. धोबिणीकडून एक लाल चादर मागून आणली आणि ती लांब बांबूला बांधली. चिमणीच्या जागी तो बांबू चौथऱ्यावर उभा धरायचं काम विहीणबाईंनी मागून घेतलं, मुलीला सोबतीला घेऊन. रेडिओ म्हणाला, "तुम्ही आराम करायला आलात." विहीणबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, पहिल्यांदाच तुम्ही मला काहीतरी करायला देताय, नुसतं ऐकायला नाही." मेहुणा हसायला लागला आणि मग दाजींचा चेहरा बघून थांबला.

होडीत दोघंच. तो सुकाणूवर, ती काचेपाशी. पावाची पिशवी तिने आणली नव्हती. खडक ओलांडले. किनाऱ्यावर छपरांच्या वर लाल ठिपका हलत होता. तो दीपगृहाकडे सरकत गेला आणि त्याच्या मागे लपला. रेडिओने इंजिन मंद केलं.

"दिसतंय का?"

सवयीने तिचं तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं, काचेवर वाकून नीट पाहिलं. "नाही."

काचेपासून हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला. वाद घालायला तोंडात शब्द आले, पण त्याने ते गिळले आणि सुकाणू किंचित वळवलं. वारा होता, बांबू हलत असणार.

"आता?"

"नाही. वाळूच आहे."

थोडं पुढे. "आता?"

"नाही. थोडे काळे दगड आहेत. साधेच."

प्रत्येक नाही छातीवर बसत होता, आणि तरी गंमत अशी की प्रत्येक नाहीबरोबर पायाखालची होडी जास्त घट्ट वाटत होती. त्याने अजून थोडं वळवलं, हळूहळू, जसं वडील वळवायचे तसं.

"आता दिसतंय का?"

उत्तर नाही.

"अगं?"

ती दोन्ही तळवे काचेवर टेकून वाकली होती. तिने मान वर केली. ती उठली, हलत्या होडीत तोल सावरत मागे आली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. "सुकाणू मला द्या," ती म्हणाली. "जा तिकडे."

भर समुद्रात सुकाणू त्याने जन्मात पहिल्यांदा सोडलं. तो काचेपाशी गुडघ्यांवर बसला आणि बघू लागला.

वाटोळा दगड होता. गाडीच्या चाकापेक्षा मोठा. पण त्याची एक बाजू चुलीतल्या राखेच्या रंगाची झाली होती, अगदी मेलेली. पंखा नव्हता, त्याचा नुसता खुंट होता. मन चरकलं, वाटलं वर बघावं, किनाऱ्याकडे, जिथे नेहमी बघायचो तिकडे. तरी तो बघत राहिला. दगडाची दुसरी बाजू जिवंत होती. पलीकडे हरणाच्या शिंगांचं रान निम्मंअर्धं कोसळलेलं होतं, पण उरलेलं उभं होतं, आणि त्यातून निळे मासे आत जात होते, बाहेर येत होते, कुणी पाव टाकलेला नसताना. एका कपारीत ठिपक्यांचा कसलासा लांबट जीव बसला होता, जो त्याने कधीच कुणाला सांगितला नव्हता. त्याला त्याचं नाव माहीत नव्हतं.

मागे ती सुकाणू धरून उभी होती, नजर किनाऱ्यावर. तो काहीच बोलत नव्हता. ती शांतता लांबत गेली तशी तिला भीती वाटू लागली. तिने हळूच विचारलं, "अहो, दिसतंय का?"

त्याने घसा साफ केला. दोनदा केला.

"निम्मं," तो म्हणाला. "निम्मं दिसतंय. बाकीचं मेलंय."

तिने डोळे पुसले, सुकाणू न सोडता. "मग आता तेवढंच सांगत जा लोकांना."

"सांगेन," रेडिओ खाली वाकूनच म्हणाला. "आधी मला बघू तर दे."